खिडकीतला बर्ड फीडर : बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फीडर लावला की पहिल्या आठवड्यात प्रश्न येतो, "पक्षी का येत नाहीत?" दोन महिन्यांनी त्याच घरातून विचारणा होते, "पारवे (कबुतरं) कसे घालवायचे?" बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हल्याळ या भागांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खिडकीतला फीडर म्हणजे नेमकं काय? आमचे आजोबा रोज अंगणात मूठभर जोंधळे टाकतात, तेच चालू ठेवलं तर काय बिघडलं?

काचेला सक्शन कपनं चिकटवलेला किंवा ग्रिलला अडकवलेला छोटा ट्रे, म्हणजे खिडकीतला फीडर. आजोबांचं काही बिघडलं नाही, त्यांनी जरूर टाकावेत. फक्त जमिनीवर पडलेल्या दाण्याला उंदीर लागतात, मांजर दबा धरून बसतं आणि पावसात तो दाणा मातीत कुजतो. तोच दाणा उंचावर, रोज धुता येईल अशा भांड्यात ठेवला तर पक्षी निवांत खातात. शिवाय पक्षी हातभर अंतरावर दिसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना दुर्बिणीशिवाय चिमणीची पापणी मिटताना दिसते. माझ्या मते खिडकीचा खरा फायदा हाच.

२. आमच्याकडे कोणते पक्षी येतील?

बेळगावात कॅम्प, टिळकवाडी, हिंदवाडी अशा झाडं राखून असलेल्या भागात चिमणी, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, होला आणि ठिपकेवाली मुनिया यांची शक्यता सर्वांत जास्त. फळ ठेवलंत तर कोकीळ आणि चष्मेवालाही येतो. दयाळ दाण्याकडे बघतही नाही, पण पाण्यावर हमखास येतो. शहापूर-वडगावच्या जुन्या कौलारू घरांच्या आसपास चिमण्या अजून बऱ्या आहेत, कारण कौलांखाली आणि भिंतींच्या फटींत त्यांना घरटी करता येतात. नुसत्या स्लॅबच्या इमारतींत ती सोय राहत नाही.

गोकाक, अथणी, रायबागकडचा भाग कोरडा. तिथे होले आणि मुनिया जास्त. थंडीत जोंधळ्याच्या शिवारावर भोरड्यांचे थवे उतरतात, पण ते खिडकीशी येत नाहीत. कोतवाल, वेडा राघू, नाचण हे कीटक खाणारे. ते समोरच्या तारेवर किंवा फांदीवर दिसतील, ट्रेमध्ये नाही.

कर्नाटकाचा राज्यपक्षी नीलपंख आणि महाराष्ट्राचा हरियल, दोन्ही आपल्या भागात आहेत, आणि दोन्ही फीडरवर येत नाहीत. नीलपंख विजेच्या तारेवर बसून किडे टिपतो. हरियल पाहायचा असेल तर फळांनी लगडलेला वड किंवा उंबर गाठा.

३. कोणत्या दिशेची खिडकी चांगली?

पूर्वेची किंवा उत्तरेची. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूला लावलेला ट्रे मृग लागल्यावर कोरडा राहत नाही. पूर्वेच्या खिडकीला सकाळचं ऊन मिळतं आणि पक्ष्यांची खाण्याची पहिली घाईही त्याच वेळची. चार-पाच हातांवर एखादं झाड, वेल किंवा कपडे वाळवायची दोरी असली तर उत्तम. पक्षी आधी तिथे बसून अंदाज घेतात, मग ट्रेवर येतात. सतत ये-जा असलेली आणि आतून टीव्हीचा उजेड फडफडणारी खिडकी टाळा.

४. सक्शन कप दोन दिवसांत सुटतो आणि सगळं खाली पडतं. काय करावं?

बहुतेक वेळा दोष काचेवरच्या धुळीचा आणि तेलकटपणाचा असतो. काच साबणानं धुऊन पूर्ण कोरडी करा. कप कोमट पाण्यात बुडवून मऊ करा, झटकून काचेवर मधोमध दाबा, आतली हवा निघाली पाहिजे. लगेच दाणे भरू नका. रात्रभर रिकामाच राहू द्या. सकाळी टिकून असेल तर पुढेही टिकेल. पौष-माघातल्या गारठ्यात प्लॅस्टिक कडक होतं, कडक उन्हानं ते चिरतं. म्हणून आठवड्यातून एकदा कप दाबून बघायची सवय ठेवा. खरबरीत काच, नक्षीची काच आणि काळी फिल्म लावलेली काच यांवर कप धरत नाही. तिथे पुढच्या प्रश्नातला मार्ग धरा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर फीडरला एक पक्की दोरी बांधून ती चौकटीला अडकवाच. खालून माणसं जात असतात.

५. आमच्या खिडकीला ग्रिल आहे. काचेपर्यंत फीडर बसतच नाही.

मग ग्रिललाच बांधा. उथळ लाकडी किंवा स्टीलचा ट्रे घ्या, कडा बोटभर उंच, तळाला पाणी निथळायला चार-पाच भोकं. बाइंडिंग वायरनं चारी कोपरे ग्रिलला आवळा आणि तारेची टोकं आत वळवून घ्या, नाहीतर पक्ष्यांच्या पायाला लागतात. जुन्या वाड्यांच्या गजाच्या खिडक्यांना हेच जमतं. करवंटी टांगली तर दिसायला छान, पण ती वाऱ्यानं गोल फिरते आणि चिमण्या बिचकतात. दोन बाजूंनी बांधलीत तर हरकत नाही. सरकत्या खिडकीला डासांची जाळी असेल तर फीडर जाळीपासून वीतभर दूर ठेवा. खारीचे दात त्या जाळीला सहज पुरतात.

६. दाणा कोणता द्यायचा?

राळा, बाजरी आणि तांदळाची कणी समप्रमाणात. एवढ्यावर चिमण्या, मुनिया आणि होले खूश असतात. राळा बारीक, म्हणून मुनियांचा लाडका. जोंधळे होल्यांना आणि पारव्यांना आवडतात. पारव्यांचा त्रास असेल तर ते वगळा. भाताचं धान मिळालं तर चिमण्या सोलून खातात. बेळगावच्या रविवार पेठेत किंवा आठवडी बाजारात माणसांसाठी विकलं जाणारं साधं धान्य पुरे आहे. रंगीत पाकिटातल्या महागड्या मिश्रणात आपल्या पक्ष्यांना नको असलेलं बरंच काही असतं.

कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतो, असं पुष्कळजण सांगतात. ते खरं नाही. पिकलेल्या भाताच्या शेतातले दाणे पक्षी कायम खात आले आहेत.

प्रमाणाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एका वेळी दोन चमचे, फार तर लहान मूठ. दुपारपर्यंत ट्रे रिकामा झाला पाहिजे.

७. काय अजिबात देऊ नये?

फरसाण, शेव, चिवडा, पापड, खारे दाणे आणि मीठ-मसाला असलेलं काहीही. पक्ष्यांना मीठ झेपत नाही. दूध पचत नाही. पावानं पोट भरतं, पण त्यातून मिळत काही नाही. चॉकलेट आणि अवोकॅडो तर विषच. कुबट वास येणारे, काळे डाग पडलेले शेंगदाणे टाकून द्या, त्या बुरशीत विष तयार होतं.

आता आपल्या भागासाठी खास सांगायची गोष्ट. पेरणी झाल्यावर घरात उरलेलं बियाणं पक्ष्यांना घालू नका. मका, जोंधळा, सोयाबीन यांच्या बियाण्याला कीटकनाशक किंवा बुरशीनाशक लावलेलं असतं. गुलाबी, हिरवा किंवा निळा रंग दिसतो तो त्याचाच. धुऊनही ते निघत नाही. कोठारात गोळ्या घालून साठवलेलं आणि बोरिक पावडर चोळलेलं धान्यही नको. शेतकरी घरांतून "वाया कशाला घालवायचं" म्हणून हे अगदी चांगल्या मनानं टाकलं जातं आणि दुसऱ्या दिवशी बांधावर मेलेले होले सापडतात.

८. फळं ठेवली तर चालतील का? कशी ठेवायची?

चालतील. पपई सर्वांत चांगली, मग केळं, पेरू, चिकू. पपईची जाड फोड सालीसकट ग्रिलच्या टोकाला खोचा. बुलबुल आधी शेजारच्या गजावर येतो, शेंडी ताठ करतो, मान वाकडी करून फोडीकडे बघतो आणि मग चोच खुपसून गराचा तुकडा ओढून काढतो. दोघे असतील तर एक खातो, दुसरा पहारा करतो. कोकिळा आली तर दचकू नका. अंगभर पांढरे ठिपके असलेली तपकिरी ती मादी, काळा तो नर, डोळे दोघांचेही लाल. फळ दुपारी काढून टाका. उन्हात आंबलं की चिलटं, मुंग्या आणि गांधीलमाश्या लागतात. जंगलालगत राहत असाल तर फळं ठेवण्याआधी प्रश्न २२ वाचा.

९. पाणी ठेवायची गरज आहे का? आमच्याकडे तर पाऊस चिक्कार.

पाऊस चार महिने. फाल्गुनापासून वळीव पडेपर्यंत पाणी दाण्याहून मोलाचं. एकच गोष्ट करायची ताकद असेल तर फीडर लावू नका, पाणी ठेवा. कीटक खाणारे, फळं खाणारे, दाणे खाणारे, सगळेच पाण्याला येतात. म्हणून पक्ष्यांची विविधताही पाण्यावरच जास्त दिसते.

मातीचा परळ सर्वांत चांगला. खानापूरची मातीची भांडी प्रसिद्धच आहेत, तिथला किंवा जवळच्या कुंभाराकडचा घ्या. माती पाणी गार ठेवते आणि खरबरीत असल्यानं पाय घसरत नाही. खोली दोन बोटं पुरे. मधे एक चपटा दगड ठेवला की मुनियासारखे लहान पक्षीही उतरतात. काचेच्या आणि स्टीलच्या गुळगुळीत भांड्यात पक्षी बिचकतात, शिवाय उन्हात स्टील तापतं. पाणी रोज बदला आणि परळ काथ्यानं घासा. रोज बदललेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वाढू शकत नाहीत.

१०. पंधरा दिवस झाले, एकही पक्षी आला नाही. फीडर काढून टाकू का?

नका काढू. नवी वस्तू ओळखीची व्हायला पक्ष्यांना वेळ लागतो, काही घरांत महिना-दीड महिनाही जातो. ट्रेच्या कडेला थोडे दाणे दिसतील असे पसरा, शेजारी पाणी ठेवा आणि रोज एकाच वेळी दाणा घाला. परिसरात चिमण्या असतील तर आधी एखादीच येते, बिचकत दोन दाणे उचलते आणि पळते. त्यानंतर दोन-चार दिवसांत बाकीच्या येतात. तरीही काही नाही झालं तर फीडर झाडाच्या बाजूच्या खिडकीवर हलवा (प्रश्न ३). दर दोन दिवसांनी जागा बदलणं मात्र टाळा.

११. ट्रे भरलेला दिसतो, पण चिमण्या येऊन तशाच निघून जातात. दाणा आवडत नाही का?

जवळ जाऊन फुंकर मारा. बहुधा नुसती टरफलं उडतील. चिमणी आणि मुनिया दाणा अख्खा गिळत नाहीत. दाणा चोचीच्या कडेला नेतात, जिभेनं फिरवतात, खालच्या चोचीनं दाबून साल फोडतात आणि गर आत, टरफल बाहेर. हे इतकं भरभर चालतं की चोच चावत असल्यासारखी हलताना दिसते. राळ्याचं टरफल आकारानं दाण्याएवढंच दिसतं, म्हणून ट्रे भरल्यासारखा वाटतो. रोज सकाळी टरफलं झाडून मगच नवा दाणा घाला. जुन्यावर नवा ओतत राहिलं की खालचा थर ओला होऊन त्याला बुरशी येते.

१२. फीडर किती वेळा धुवायचा आणि कशानं?

कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा, दमट हवेत दोन-तीन दिवसांनी. गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना ब्रश. महिन्यातून एकदा नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून त्यात दहा मिनिटं बुडवा, भरपूर पाण्यानं धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. त्यासाठीचा ब्रश स्वयंपाकघरातला नको. काम झाल्यावर हात साबणानं धुवा.

एकाच ताटलीत खूप पक्षी येतात, म्हणून आजारही तिथेच पसरतात. पिसं फुगवून सुस्त बसलेला, डोळे चिकटलेला किंवा चोचीच्या मुळाशी गाठी आलेला पक्षी दिसला तर फीडर दोन आठवडे उतरवा आणि ब्लीचनं धुवा. पक्षी पांगले की संसर्गाची साखळी तुटते. जिल्ह्यात बर्ड फ्लू जाहीर झाला तर सूचना मागे घेईपर्यंत दाणा बंदच ठेवा. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नका.

१३. पारव्यांनी ताबा घेतलाय. चिमण्या आता येतच नाहीत.

ही सर्वांत मोठी तक्रार, आणि बहुतेक ठिकाणी मूळ कारण एकच, दाणा जास्त होतो. पारव्याला भरपूर आणि कायमचं हवं असतं. दोन आठवडे दाणा पूर्ण बंद ठेवा. या काळात पाणीही उथळ आणि लहान भांड्यात ठेवा. मग सुरुवात करताना ट्रेभोवती चार सेंटीमीटर घरांच्या तारेच्या जाळीचा पिंजरा बसवा. चिमणी आणि मुनिया त्यातून सहज आत जातात, पारवा आणि साळुंकी अडकून न पडता बाहेरच राहतात. जोंधळा आणि मका थांबवा. ट्रेच्या खाली किंवा बाजूला पारव्याला उभं राहता येईल अशी सपाट पट्टी असेल तर तिथे तिरकी फळी लावा. चिकटपट्ट्या, खिळे, विष यांचा विचारही करू नका. त्यात चिमण्याच आधी सापडतात.

पारव्यांना मुद्दाम खायला घालण्याच्या मी विरोधात आहे. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच कारणानं. घरात दमेकरी किंवा म्हातारं माणूस असेल तर गॅलरीतली विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून ओली करा, तोंडाला मास्क लावा आणि मग पुसून घ्या.

१४. खार सगळा दाणा संपवते. तिखट मिसळलं तर चालतं, असं ऐकलं. खरं का?

पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही, खारीला जाणवतो. एवढं खरं आहे. रानात मिरचीचं बी पक्ष्यांच्या पोटातून पसरतं. पण घरात संकेश्वरी मिरचीची पूड आहे म्हणून ती ट्रेमध्ये टाकू नका. वाऱ्यानं ती तुमच्या डोळ्यात जाते आणि खार पंज्यांनी तोंड पुसते तेव्हा तिच्याही. त्यापेक्षा फीडर ग्रिल, पाईप आणि फांदीपासून दूर, कोऱ्या काचेवर लावा. ते जमत नसेल तर दाणा दोन वेळा थोडा थोडा घाला आणि खारीचा वाटा धरून चाला. ती पण इथलीच आहे.

१५. पावसाळ्यात फीडर चालू ठेवावा का?

तरणा-म्हातारा पाऊस लागला की बेळगाव-खानापुरात घरातल्या कपड्यांनाही बुरशी येते, ट्रेमधल्या दाण्याचं काय घेऊन बसलात. माझा सल्ला, आषाढ-श्रावणात दाणा बंद. त्या दिवसांत रानात किडे आणि गवताचं बी मुबलक असतं. पिलांना भरवायला चिमणीलाही अळ्याच लागतात, नुसत्या दाण्यावर पिलं वाढत नाहीत. फीडर धुऊन आत ठेवा आणि खिडकीतून बघत राहा. याच काळात मुनिया चोचीत गवताची लांबलचक पात धरून, ती मागे फडकवत घरट्याकडे जाताना दिसते. चिकोडी, अथणीकडे पाऊस कमी, तिथे उघडीप असेल त्या दिवशी चमचाभर घालायला हरकत नाही. घटस्थापनेच्या सुमारास पुन्हा सुरू करा.

१६. शिंजीर साखरपाण्याला येतो का?

शिंजीर म्हणजे फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी. तो येऊ शकतो, पण मी ते सुचवत नाही. आपल्या उकाड्यात साखरपाणी काही तासांत आंबतं, मुंग्या लागतात, आणि मध किंवा खाण्याचा रंग घातला तर आणखी घातक. शिंजिराला फूल हवं. खिडकीखाली कुंडीत जास्वंद किंवा हमेलिया लावा, दारात जागा असेल तर बॉटलब्रश. नर जांभळा शिंजीर सावलीत नुसता काळा दिसतो. मान वळवली आणि ऊन पडलं की निळा-जांभळा झळकतो. हे रंग बघायला कुंडी सकाळच्या उन्हात असावी.

१७. पक्षी काचेवर आपटतात. फीडरमुळे हे वाढेल का?

फीडर काचेलाच चिकटलेला किंवा काचेपासून मीटरभराच्या आत असेल तर धोका कमी होतो, कारण निघताना पक्ष्याला वेग घ्यायला अंतरच नसतं. तीन-चार मीटरवर टांगलेला फीडर जास्त वाईट. काचेत आकाश किंवा झाड दिसतं आणि पक्षी त्यात शिरायला जातो. एखादा ससाण्याचा स्टिकर लावून भागत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूनं पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके किंवा उभ्या रेघा हव्यात. साबणाच्या वडीनं काढल्या तरी चालतात, पावसानं गेल्या की पुन्हा काढायच्या.

आपटून पडलेला पक्षी अलगद उचलून झाकण असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, हवेसाठी भोकं पाडा आणि अंधाऱ्या शांत जागी तास-दोन तास सोडा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. सावध झाला की खोकं बाहेर नेऊन उघडा. स्थलांतराच्या दिवसांत नवरंग आणि जंगलाकडच्या घरांत पाचू होला असा सापडतो. पंख लोंबत असेल किंवा दोन तासांनीही उभा राहत नसेल तर वनखात्याला कळवा. बेळगाव, खानापूर, निपाणीसाठी कर्नाटकाचं वनखातं, चंदगड-आजऱ्याकडे महाराष्ट्राचं. मोबाईलवर फिरणारा मदतीचा क्रमांक कोणत्या राज्याचा आहे ते आधीच बघून ठेवा.

१८. एक पक्षी तासन्‌तास काचेला चोच मारतो. भूक लागलीय का?

भूक नाही, भांडण आहे. विणीच्या काळात नराला काचेतलं प्रतिबिंब दुसरा नर वाटतो. दयाळ, शिंजीर, चिमणी, धोबी सगळे हे करतात. काचेवर बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा. आतला पडदा ओढून उपयोग नाही, त्यानं प्रतिबिंब उलट ठळक होतं. दोन-तीन आठवड्यांत तो नाद सोडतो.

१९. शिक्रा फीडरवरची चिमणी घेऊन गेला. मुलं रडायला लागली.

शिक्र्यालाही पिलं असतात आणि त्याचं अन्न हेच. मुलांना तसंच सांगावं, लपवू नये. शिकार रोज व्हायला लागली तर फीडर आठवडाभर उतरवा, शिक्रा दुसरीकडे जातो. मांजराची गोष्ट वेगळी. ती आपण पाळलेली असतात, म्हणून जबाबदारी आपली. मांजर उडी मारून पोहोचेल अशा कठड्याजवळ फीडर लावूच नये.

२०. नीट बघायचं कसं? पक्षी आम्हाला बघून उडतात. आणि ओळखायचं कसं?

सूर्योदयानंतरचे दोन तास आणि संध्याकाळी साडेचारनंतरचा तासभर चांगला. खोलीतला दिवा बंद ठेवा, काचेपासून दोन-तीन हात मागे बसा, गडद कपडे घाला. पक्ष्याला बाहेरच्या उजेडातून अंधाऱ्या खोलीतलं फारसं दिसत नाही, हालचाल मात्र लगेच कळते. फोटोसाठी काच दोन्ही बाजूंनी पुसा, लेन्स काचेला टेकवा आणि फ्लॅश बंद ठेवा. दूरच्या झाडासाठी ८×४२ ची (आठपट जवळ दाखवणारी) दुर्बीण घरातल्या सर्वांना पुरते.

ओळखताना आधी रंग बघू नका. आकार साळुंकीपेक्षा लहान की मोठा, चोच जाड की बारीक, शेपटी कशी हलते, हे टिपा. मग रंग. शेंडी टोकदार आणि गालावर लाल ठिपका, तो शिपाई बुलबुल. डोकं काळं, शेंडी आखूड, शेपटीखाली लाल, तो लालबुड्या. चिमणीच्या नराच्या गळ्यावर काळा डाग असतो, मादी मातकट. विणीच्या दिवसांत नराची चोचही काळी होते. हे वर्षभर टिपत गेलं तर एकाच खिडकीत ऋतू वाचता येतात. मोबाईलवरचं मर्लिन ॲप आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवतं, पण ते शेवटचा शब्द मानू नका. डोळ्यांनी खात्री करून नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. सीमाभागातल्या घराघरांतून नोंदी गेल्या तर इथल्या पक्ष्यांचं चित्र स्पष्ट होईल. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरची पक्षीगणना असते, त्यात पंधरा मिनिटांची नोंदही चालते.

२१. पितृपक्षात कावळ्याचं पान फीडरमध्येच ठेवलं तर?

वेगळं ठेवा. पानावरचे वडे, भजी, खीर, मीठ घातलेली भाजी चिमणी-मुनियांच्या ट्रेमध्ये नको (प्रश्न ७), आणि कावळे एकदा त्या खिडकीला सरावले की लहान पक्षी दूर राहतात. पान गच्चीवर ठेवा, कावळा शिवला की उरलेलं उचला. कावळ्यासाठी बाजूला साधा भात आणि वरणातली न खारवलेली डाळ ठेवली तर त्यालाही बरं. पत्रावळ केळीची किंवा पळसाची असावी, चकचकीत कागदाची नको.

२२. आम्ही जांबोटी-कणकुंबीकडे राहतो. धनेश खिडकीत येईल का?

धनेश म्हणजे भल्यामोठ्या चोचीचा हॉर्नबिल. तो येणार नाही, आणि त्याला आणायचा प्रयत्नही करू नका. धनेशाला उंबर-वडाची फळं आणि घरट्यासाठी ढोली असलेली जुनी झाडं लागतात. घराजवळचा उंबर तोडू दिला नाहीत तर तेच त्याच्यासाठी सर्वांत मोठं काम. खानापूर तालुक्यात भीमगड आहे, २०११ मध्ये ते अभयारण्य जाहीर झालं. त्या पट्ट्यातल्या गावांत पिकलेली फळं खिडकीत ठेवली तर माकडं येतात आणि रात्री अस्वलालाही वास लागू शकतो. तिथे फक्त पाणी ठेवा, तेही दिवसा. खाली सांडलेल्या दाण्यावर उंदीर आणि उंदरांमागे साप येतात, म्हणून दाणा ठेवायचाच तर संध्याकाळी खालची जागा झाडून घ्या. पावसाळ्यात पहाटे माणसानं शीळ घातल्यासारखा आवाज आला तर तो शीळकरी कस्तूर. खिडकी उघडी ठेवून ऐका, त्याला दाणा लागत नाही.

२३. रोज येणारा पोपट माणसाळलाय. पिंजऱ्यात ठेवला तर?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपला पोपट, मुनिया किंवा कोणताही रानपक्षी पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे, कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही. बाजारात रंग लावलेल्या मुनिया विकत मिळाल्या तर "सोडून देऊ" म्हणून विकत घेऊ नका, त्यानं पकडणाऱ्याचा धंदा वाढतो. खिडकीत दाणा ठेवायला मात्र कोणत्याही परवानगीची गरज नाही.

२४. ट्रेच्या शेजारी बुलबुलानं घरटं केलं. आणि एक पिलू खाली पडलंय.

घरट्याजवळचा फीडर ताबडतोब बंद करा. दाण्यावर येणारे कावळे आणि खारी अंडी-पिलं पळवतात. पिलाला पूर्ण पिसं असतील आणि ते उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. मांजरापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवून बाजूला व्हा. आई-बाप भरवत असतात. पिसं नसतील तर सरळ घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिलाला टाकत नाहीत. चिमण्यांसाठी पेटी लावायची असेल तर ती फीडरपासून लांब लावा आणि भोक ३२ मिलिमीटरचं ठेवा. त्याहून मोठं केलंत तर साळुंकी शिरते.

२५. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज भांडतात, कपड्यांवर टरफलं पडतात म्हणून.

त्यांचं बरोबर आहे. ट्रेखाली दुसरा रुंद ट्रे लावा, दाणा सोललेला (कणी) द्या, आणि कपडे वाळत असतील त्या वेळेत दाणा घालू नका. काकूंना एकदा सकाळी चहाला बोलवून खिडकीशी बसवा. त्यानंतरही नको म्हणाल्या तर फीडर दुसऱ्या बाजूला न्या.

२६. आम्ही पंधरा दिवसांसाठी पंढरपूर आणि पुढे कोकणात जाणार आहोत. पक्षी उपाशी राहतील का?

नाही राहणार. रानपक्षी एका ट्रेवर जगत नाहीत, दिवसभरात बऱ्याच जागी चरतात आणि तुमची खिडकी त्यातली एक. जाताना जास्त दाणा भरून ठेवू नका, तो कुजतो किंवा पारव्यांना जातो. ट्रे धुऊन आत ठेवा. उन्हाळा असेल तर पाण्याचं मात्र शेजाऱ्यांना सांगून जा, आणि परळ त्यांच्याच कठड्यावर ठेवा, म्हणजे रोज बदललं जाईल. आल्यावर कप नव्यानं बसवा (प्रश्न ४) आणि पहिले दोन दिवस अर्धाच दाणा घाला.